सोंगांना आत घेता का?

नाताळ आला की आमच्या बेटावरच्या सॉल्ट कोव्ह गावातली माणसं एकमेकांना सुखी करायला निघतात. हातात केक, तोंडावर हसू, आणि तुम्ही दार उघडायच्या आत पाय घरात. ज्याला सुखी व्हायचं नाही त्याने काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

मी वर्ना पार्डी. माझा नवरा हेडली फेब्रुवारीत गेला. धक्क्यावरच्या शेडमध्ये तो आणि त्याचा धाकटा भाऊ सेल्बी होडी बांधत होते. सेल्बी चहा आणायला घरी गेला, आणि किटली घेऊन परत आला तेव्हा हेडली करवतीशेजारी आडवा पडलेला. हृदय बंद पडलं. ना दुखलं-खुपलं, ना 'येतो' म्हणाला. त्याचं सगळं असंच, सांगून काही करायचं म्हणजे जिवावर यायचं त्याच्या.

त्या दिवसापासून गावाने त्याचं नाव घेणं सोडलं. दुष्टपणाने नव्हे हो, चांगुलपणाने! मी दुकानात शिरले की सगळ्यांना एकदम हवामान आठवतं. "वारं फिरलंय, नाही?" अरे, मलाही नाक आहे, कळतंय मला वारं फिरलेलं! जन्मभर ज्या माणसाशी भांडले त्याचं नाव घ्यायचं तर मी एकटीने घ्यायचं, तेही भिंतीला ऐकवून. आणि माझ्या दिराचं, सेल्बीचं, तर पुसूच नका. तो माझ्या घराच्या वाटेने यायचाच बंद झाला. चुलीसाठी लाकडं फोडून फाटकापाशी रचून जायचा, पण आत पाऊल म्हणून टाकायचा नाही.

डिसेंबरात आमच्याकडे चार वाजता अंधार पडतो. उन्हाळ्यात दुःखाला निदान उजेडात बसता येतं. हिवाळ्यात ते तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात कोंडलं जातं. मला झोप लागेना. पाव भाजला तर खाववेना. टेबलावर चुकून त्याची ताटली मांडली जायची, आणि ती उचलायला हात धजायचा नाही म्हणून तशीच सकाळपर्यंत राहायची. मुलगी, ग्लेनिस, दूर अल्बर्टात असते. तिचा फोन आला की मी म्हणायचे, "मजेत आहे गं मी." सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. मी म्हणते मजेचंही येत नाही, पण फोनवर खपून जातं.

दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये नर्स येते. लिआन नावाची पोर, मुख्य भूमीवरून आलेली, थंडीने नाक लाल झालेली. नाताळच्या आधीच्या गुरुवारी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले, तर तिने गोळ्या राहू दिल्या बाजूला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"मावशी, झोप लागते का?"

"लागते की."

"कधी?"

मी शालीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"जीव द्यावासा वाटतो का?" तिने सरळ विचारलं. डोळ्यांत बघून. या गावात असं कुणी विचारत नाही, आम्ही वाऱ्यावर बोलतो.

"नाही गं पोरी," मी म्हणाले. "मरावंसं नाही वाटत. पण उठावंसंही वाटत नाही."

आणि काय सांगू, एवढं बोलल्यावर छातीवरचं ओझं जरासं हललं. हललं, उतरलं नाही. लिआनने माझा हात धरला. "ही एक खरी गोष्ट झाली मावशी. पण मी गुरुवारची पाहुणी. नाताळात तर मी रजेवर. फोनचा नंबर देते, तो चोवीस तास चालू असतो, अगदीच कठीण वाटलं तर लाजायचं नाही. बाकी रोज एकदा दाराबाहेर पडायचं, काहीतरी गरम पोटात घालायचं, आणि गावातल्या कुणाला तरी अशीच एक खरी गोष्ट सांगायची."

"कुणाला?"

"ते तुम्हीच शोधा. गाव तुमचं आहे."

घ्या! औषध लिहून दिलं आणि दुकान मीच शोधायचं.

बाहेर मी पडायचे. धक्क्यापर्यंत जायचे, शेडकडे पाठ करून परत यायचे. वाटाण्याचं सूप करून घशाखाली ढकलायचे. पण तिसरं काम काही जमेना. नाताळच्या दिवशी एफी आली. एफी म्हणजे सेल्बीची बायको, माझी जाऊ. तिच्या जिभेला हाड नाही, आणि विश्रांतीही नाही.

"अगं बयो, अंधारात काय बसलीस? पुडिंग आणलंय बघ. आणि दारावरचा दिवा का बंद? उद्यापासून सोंगं निघतील, दिवा नसला की येणार कशी? जरा हसत राहावं गं. त्याला... म्हणजे... सगळ्यांना बरं वाटतं."

"त्याला म्हणजे कुणाला?"

एफीने पुडिंगवरचं फडकं उगाच नीट केलं. "वारं काय सुटलंय बाई," ती म्हणाली.

"एफी, वाऱ्याचं पुन्हा नाव काढलंस तर हे पुडिंग तुझ्या डोक्यावर उपडं करीन."

ती हिरमुसली होऊन गेली. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याची इतकी सवय झाली होती की त्यात ते कुठे मिसळलं कळलंही नाही.

आमच्याकडे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून सोंगं फिरतात. बायका पुरुषांचे कपडे घालतात, पुरुष बायकांचे झगे. पोटावर, पाठीवर उश्या बांधायच्या, तोंडावर जाळीचा पडदा नाहीतर उशीचा अभ्रा, हातांत मोजे. आणि श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज कळत नाही. ज्याच्या दारावर दिवा असेल त्याचं दार ठोठावून विचारायचं, "सोंगांना आत घेता का?" मग घरच्यांनी एकेकाला ओळखायचं. नाव बरोबर निघालं की सोंगाने तोंड उघडं करायचं, केक खायचा, रम प्यायची. नाव निघेपर्यंत मात्र पडदा काढायचा नाही, आणि घरच्यांनीही ओढायचा नाही. भांडण असो, वैर असो, हा नियम कुणी मोडत नाही.

हेडलीला सोंगाचं भारी वेड. आणि गंमत अशी की तो दर वर्षी पहिल्या फटक्यात ओळखला जायचा, कारण दर वर्षी तेच रबरी बूट घालायचा. डाव्या बुटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, आणि चाल अशी की जमीन हलतेय आणि तो सांभाळून घेतोय. मी म्हणायचे, अरे बूट तरी बदल. तर म्हणायचा, "ओळखलंच नाही तर केक कधी मिळणार?"

तर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाल गुंडाळून एफीच्या घरी निघाले. ठरवूनच निघाले होते. म्हटलं, जाऊ आहे, एक खरी गोष्ट हिलाच सांगू. दाराशी पोचले तर आतून गसचा अकॉर्डियन वाजत होता. गस म्हणजे शेजारचा म्हातारा, त्याला तीनच चाली येतात आणि तिन्ही तो एकाच वेळी वाजवतो. सेल्बी टाळी देत होता, एफी खिदळत होती. माझा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. मला माहीत होतं पुढे काय होणार. मी आत गेले की अकॉर्डियन थांबणार, सेल्बी खाली बघणार, एफी खुर्ची पुसून देणार. माझा चेहरा म्हणजे गावातलं सुतक झाला होता. मी तशीच माघारी फिरले. घरी येऊन शाल फेकली, पुडिंगकडे बघितलं आणि ओरडले, "मेलं हे तोंड! काढून ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं!"

आणि मग मी खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिले.

जाळीचा होता. माझ्या लग्नातला.

पडदा काढला. हेडलीचा मेणकापडी कोट उलटा करून घातला, त्याच्या आत पाठीला उशी बांधली, वर त्याची टोपी. हातांत त्याचे मोजे. माझे बूट घातले असते तर लगेच पकडली गेले असते, गावात माझ्याएवढे लहान पाय कुणाचे नाहीत. म्हणून त्याचे बूट घातले, पुढे लोकर कोंबून. ठिगळाचं मला आठवलंच नाही. शपथेवर सांगते, नाही आठवलं. दहा महिने रोज त्या बुटांकडे बघत होते, तरी नाही.

बर्फातून चालताना बूट डुगडुगत होते, तोल सांभाळत चालावं लागत होतं. एफीचं दार ठोठावलं. श्वास आत ओढून विचारलं, "सोंगांना आत घेता का?"

"या, या!" आतून सेल्बीचा आवाज. "बर्फ झटका आणि या!"

मी आत गेले. चुलीचा उबारा अंगावर आला. अकॉर्डियन थांबला नाही, कुणी खाली बघितलं नाही, उलट तिघंही माझ्याकडे बघून हसले. किती दिवसांनी कुणी माझ्याकडे बघून हसलं! मी स्वयंपाकघरात दोन पावलं चालले, तर सेल्बीने मांडीवर थाप मारली आणि ओरडला, "हेडली! हा तर हेडली!"

अकॉर्डियन असा थांबला की जणू कुणी पाय दिला त्याच्यावर.

सेल्बीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. त्याला कळलं आपण काय बोललो. दर वर्षीची सवय, बुटांवर नजर गेली आणि जीभ पुढे धावली. आणि मी? मला वाटलं होतं ते नाव कानावर पडलं तर मी कोसळेन. कोसळले नाही. पडद्याच्या आत माझे डोळे भरून आले, पण अंगभर काहीतरी सैल झालं. कुणीतरी त्याला हाक मारली होती. मोठ्याने, आनंदाने, जशी मारायची तशी.

नियम म्हणजे नियम. ओळख चुकली तर सोंगाने तसं सांगायचं. मी श्वास आत ओढला. "नाही. हेडली नाही. तो वारला."

"हो," सेल्बी म्हणाला. एवढंच. आणि खुर्चीत बसला.

आता तुम्हाला सांगायला हवं की सोंग ओळखण्यात एफीचा हात धरणारा अख्ख्या किनाऱ्यावर कुणी नाही. गेल्या वर्षी तिने पोस्टमास्तरला नुसत्या खोकल्यावरून दाराबाहेर असतानाच ओळखलं होतं. ती कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे आली, वरून खाली न्याहाळलं, आणि म्हणाली, "कोण बरं तुम्ही? आमचे पाद्री तर नव्हेत?"

पाद्री! पाद्री सहा फूट उंच. मला रागच आला. एवढी वर्षं एका घराण्यात जावा म्हणून नांदलो, आणि ही मला पाद्री समजते?

"अगं एफी, ही तर आपली व—" गस बोलायला लागला, तर एफीने केकचा हा एवढा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "खा गस, वाळलास बघ." मग माझ्याकडे वळून, "बसा पाद्रीबुवा. लांबून आलात. काय म्हणते तब्येत?"

काय म्हणते तब्येत. कुणीही कुणालाही विचारतं. आणि तुम्ही काय उत्तर देता? मजेत. पण मी पाद्री होते, गावातलं कुणीच नव्हते, तोंडावर पडदा होता. मी श्वास आत ओढला आणि बोलून गेले, "बरी नाही. झोप येत नाही. पलंगाच्या त्याच्या बाजूला मी अजून पाय नेत नाही."

एफीने फक्त चुलीत लाकूड सारलं. "मग काय करता झोप येत नाही तेव्हा?"

"त्याला शिव्या देते. होडी अर्धी टाकून गेला म्हणून. मग वाईट वाटतं. मग त्याची ताटली मांडते." एकदा सुरू झालं ते थांबेना. श्वास आत ओढत बोलणं म्हणजे तोंडाला फेस, मला धाप लागली, पण बोलत राहिले. लोक त्याचं नाव घेत नाहीत म्हणून तो दुसऱ्यांदा मेल्यासारखा वाटतो, हे बोलले. उठावंसं वाटत नाही, हे बोलले. नाताळची गाणी ऐकून ओरडावंसं वाटतं, हेही.

"मग ओरडावं की," एफी म्हणाली. "इथे ऐकायला गसच आहे, आणि तो अर्धा बहिरा."

"अर्धा नाही, पाऊण," गस केक गिळत म्हणाला.

आणि मला हसू फुटलं. खरं हसू, नाकातून, पडदा उडवणारं. तेव्हा एफी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पुरे झालं? मग आता ओळखते. तू वर्ना."

मी पडदा वर केला. "कधी ओळखलंस?"

"दारात. सोंगाने पाय पुसून आत आलेलं कधी बघितलंय का कुणी? तूच एक."

"मग आधीच का नाही बोललीस, भवाने?"

"आधी ओळखलं असतं तर तू पडदा काढला असतास," एफी म्हणाली, "आणि पडदा काढून म्हणाली असतीस, मजेत आहे."

मी तिच्या गळ्यात पडून रडले, ती माझ्या. उशी घसरून कमरेला आली. गसला दुसरं काही सुचेना म्हणून त्याने पुन्हा अकॉर्डियन घेतला आणि तिन्ही चाली एकदम वाजवल्या. सेल्बी मात्र कधी उठून बाहेर गेला, मला दिसलंच नाही.

त्या रात्री मी झोपले. सगळं दुःख गेलं वगैरे काही नाही, तसं जात नसतं. पण सकाळी उठले तर भूक लागली होती, आणि कढईत खारवलेल्या डुकराच्या चरबीचा वास आल्यावर पोटात कावळे ओरडले. ग्लेनिसला मीच फोन लावला. म्हटलं, मजेत नाही गं मी, पण कालच्यापेक्षा बरी आहे. ती पलीकडे रडली आणि म्हणाली, "आई, मला माहीत होतं, तू बोलायची वाट बघत होते." म्हणजे बघा, मी एवढं सोंग वठवत होते आणि प्रेक्षक आधीच सगळं ओळखून बसलेले.

संध्याकाळी मी दारावरचा दिवा लावला.

फार वेळ गेला नाही. थाप पडली. "सोंगांना आत घेता का?"

दारात एक धिप्पाड बाई. अंगात एफीचा फुलाफुलांचा झगा, खांद्यांवर उसवलेला. तोंडावर उशीचा अभ्रा, त्याच्याखालून दाढीचं टोक. पायांत लाकडं फोडायला जायचे बूट. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ते. मी तोंड उघडलं, आणि मग गप्प बसले. कारण बाई दारातच उभी होती आणि उंबरा ओलांडायला धजत नव्हती.

"या," मी म्हणाले. "बसा. कोण बरं तुम्ही... चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या बाई का?"

अभ्रा नकारार्थी हलला. सोंग हेडलीच्या खुर्चीकडे गेलं, थबकलं, मग शेजारच्या बाकावर बसलं. श्वास आत ओढला. "मी चहा करायला गेलो आणि गप्पा मारत बसलो," आतून आवाज आला. "उशीर केला. लवकर आलो असतो तर."

दहा महिने! दहा महिने हा माणूस माझ्या फाटकाशी लाकडं रचत होता आणि हे पोटात घेऊन परत जात होता. आणि मला डॉक्टरने त्याच दिवशी सांगितलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. सगळे वाऱ्यावर बोलत होते.

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. "ऐका बाई," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, बसल्या जागी दिवा विझावा तसं झालं. कुणी त्याचा हात हातात धरून बसलं असतं तरी काही करता आलं नसतं. माझा दीर आहे, सेल्बी नावाचा. त्याला हे ठाऊक नाही. कुठे भेटला तर तेवढं सांगाल का?"

मग आतून असा आवाज आला की कुणी खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलंय. खांदे गदगदायला लागले, एफीच्या झग्याची शिवण आणखी उसवली. मी किटली चुलीवर ठेवली. घाई केली नाही, पाण्याला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.

"सांगतो," सोंग शेवटी म्हणालं. श्वास आत ओढायचा विसरलं होतं ते, अगदी सेल्बीच्याच आवाजात म्हणालं. "आता ओळखा मला."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि केकचा मोठा तुकडा कापला. हेडलीच्या ताटलीत.

"थांबा हो, विचार करू द्या," मी म्हणाले. "आमचे पाद्री तर नव्हेत तुम्ही?"